माझं नंतर

पाण्याचा ग्लास पुढे केला की मॅडम तो दोन बोटांनी हळूच मागे सारायच्या. "माझं नंतर," म्हणायच्या.

पहिल्या दिवशी आईचा चेहरा उतरला. "आपल्याकडचं पाणी चालत नसंल यांना," ती माझ्या कानाशी म्हणाली. आम्ही बौद्ध. पाणी नाकारण्याचा अर्थ आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तुम्हाला तो वेगळा सांगायला नको.

मॅडमनी ऐकलं असावं. खाटेवरच्या पप्पांकडे बघत म्हणाल्या, "अहो ताई, काका समोर तहानलेले. त्यांच्यादेखत मी कशी पिऊ? ते साधं पाणी पितील ना, त्या दिवशी तुमच्या हातचे दोन ग्लास पिईन."

मॅडम स्पीच थेरपिस्ट. डोंबिवली-ठाकुर्लीत घरोघरी जाऊन पेशंट बघायच्या. त्या फक्त बोलायला शिकवतात असं मला वाटलेलं. गिळायलाही त्याच शिकवतात, हे आमच्या चाळीतल्या खोलीत कळलं. लकव्याच्या झटक्याने पप्पांची जीभ आणि घसा लुळे पडले होते. पातळ पाणी पोटात न जाता छातीत उतरायचं. म्हणून पावडर घालून पेजेसारखं घट्ट केलेलं पाणी, तेही चमच्याने.

"हनुवटी खाली, काका. एकच घोट. घाई कुणाला आहे?"

पप्पा ते पाणी बघूनच तोंड फिरवायचे. एकदा माझ्या हातून चमचा सांडला, तर ओरडले, "गाढवे!" झटक्यानंतरचा त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "वा काका! 'ढ' काय खणखणीत! आता रोज हिला शिव्या द्यायच्या." पप्पा तोंडाच्या एका बाजूने हसले. मला हसावं की रडावं कळेना.

घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून आल्यागेल्याला नियम समजावणं माझ्याकडे. गावाहून पप्पांची मोठी बहीण आली, तिलाही सांगितलं. आत्याने मान हलवली.

त्या दुपारी आई कामावर, मी कॉलेजात. पप्पा माठाकडे बघत राहिले. आत्याला बघवेना. तिने गार पाण्याचा ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ते गटागटा प्यायले, खोकले, आणि हसले, असं आत्या सांगते. संध्याकाळी ताप चढला. हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत.

आत्याला कोणी काही बोललं नाही. पण तिच्या हातून कोणी काही घेतही नव्हतं. तीही कोणाला काही देईना.

पप्पांच्या जलदान विधीच्या दिवशी, माणसं पांगल्यावर, मॅडम आल्या. कोपऱ्यातून आत्याने विचारलं, "मॅडम, म्याच मारलं ना माझ्या भावाला?"

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "पाणी छातीत गेलं, हे खरं आहे आत्या. त्यांना तहान लागली होती, हेही खरं."

मग मॅडम म्हणाल्या, "मला पाणी द्याल?"

"माझ्या हातचं?"

"तुमच्याच."

आत्याने त्याच माठातून ग्लास भरून आणला. मॅडमनी ग्लास दोन्ही हातांनी घेतला. हनुवटी खाली घेऊन, एकेक घोट, पप्पांना शिकवायच्या तसं, सगळं प्यायल्या.

मग त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. यायला कारण उरलं नव्हतं. आत्या रिकामा ग्लास धरून तशीच उभी होती.

आई म्हणाली, "आक्का, मलाबी द्या."