मामांचा आवडता सिनेमा

आमच्या हिच्या मामांच्या तोंडून तो सिनेमा न ऐकता सुटलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. मामा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे, पोथी किंवा राजकारण यांपैकी एकाला धरतात; मामांनी एका सिनेमाला धरलं. सिनेमा परदेशी, आणि विषय काय, तर एका शाळकरी मुलीला दिवस जातात. "आणि विनोदी आहे हं," असं मामा लगेच जोडायचे, कारण तिथवर ऐकूनच समोरच्याचा चेहरा पडलेला असायचा. ही मुलगी शाळेच्या बँडमध्ये एक अजस्र पितळी वाद्य वाजवत असते. पोट वाढतं तसं वाद्य छातीशी धरता येईना, म्हणून ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो काडीपैलवान पोरगा ते वाद्य पुढून धरतो, ही फुंकते, आणि पूर्ण संचलनभर तो बिचारा उलट्या पावलांनी चालतो. हे मामा स्वतः उलटं चालून दाखवत. त्या नादात त्यांनी आमच्या गॅलरीतली तुळस दोनदा पाडली. पण त्यांचा सर्वांत लाडका प्रसंग मुलीच्या बापाचा. पोरगी बातमी सांगते. तो उठतो, फ्रीज उघडतो आणि आत डोकं घालून उभा राहतो. "याला म्हणतात अभिनय," असं म्हणत मामा यजमानांच्या फ्रीजमध्ये डोकं घालायचे आणि आतूनच पुढची गोष्ट सांगायचे. आतलं काही नीट ऐकू येत नसे, पण हसण्यानं अंड्यांचा ट्रे हलताना दिसे.

स्थळकाळाचं भान हा प्रकार मामांना ठाऊकच नव्हता. नाशिकला गंगेवर एका दहाव्याला कावळा शिवायची वाट बघत सगळे ताटकळले होते, तेव्हा मामांनी मयताच्या थोरल्या मुलाला बाजूला घेऊन मध्यंतरापर्यंतची गोष्ट ऐकवली. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथे पोहे खाऊन झाल्यावर सगळे गप्प बसले. मामांना शांतता सोसत नाही. "एक शाळकरी मुलगी असते," त्यांनी सुरुवात केली, "तिला दिवस जातात." ते स्थळ तिथेच आटोपलं. घरी येताना मामा रिक्षात तक्रार करत होते, "अहो, शेवट तरी ऐकून घ्यायचा."

मग त्यांनी कळस केला. दिंडोरीला हिच्या माहेरच्या नात्यात द्राक्षाची बाग आहे. माल निघाल्यावर तिथल्या शेडमध्ये मामांनी पांढरी चादर बांधली, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला आणि अंधार पडल्यावर पेट्या भरणाऱ्या बायकांसकट सगळ्यांना सिनेमा दाखवला. खाली इंग्रजी अक्षरं, म्हणून शेजारी उभं राहून मामाच भाषांतर करत होते. त्यात बँडचं लेझीम पथक झालं, प्राचार्यबाई ग्रामसेविका झाल्या. पुरुष एकेक करून ट्रॅक्टर बघून येतो म्हणत उठले आणि परत आले नाहीत. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. घरातले थोरले दादा मात्र शेवटी उभे राहिले.

"पाव्हणं, पोरीबाळी बसल्यात. हे आसलं दाखवायचं नाय."

"पोरीबाळी बसल्यात म्हणून तर आणलाय, दादा," मामा म्हणाले. दादांनी जनरेटर बंद केला.

महिनाभरानं मामांच्या नाशिक रोडच्या घराची बेल वाजली. त्या शेडमध्ये पेट्या भरणारी एक बाई दारात होती, सोबत तिची एकोणीस वर्षांची लेक. आम्ही दोघंही त्या दिवशी तिथे जेवायला होतो. बाई उंबऱ्यापाशीच बसली. पोरीला दिवस गेले होते. ज्याच्याशी जमलं होतं तो अंबडच्या कारखान्यातला मुलगा नंबर बदलून कुठे गेला, कुणाला पत्ता नव्हता. पोरीला मूल हवं होतं आणि गावात तोंड दाखवायची सोय नव्हती.

"त्या सिनेमातल्या पोरीला तुम्ही नावं नाय ठेवली," बाई म्हणाली. "म्हनून तुमच्याकडं आले, मामा. दुसरं कोन हाय?"

मामा उठले. स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि आत डोकं घालून उभे राहिले. या वेळी आतून हसण्याचा आवाज येत नव्हता. मामी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "उघडलाच आहे तर दूध काढा," त्या म्हणाल्या, "दोन माणसांचा चहा वाढलाय. आणि मागची खोली झाडून घ्या."

पोरगी मागच्या खोलीत राहिली. मामांनी तिचा रक्तदाब बॉयलरच्या प्रेशरसारखा सांभाळला. आकडा जरा वर गेला की सगळ्या घराचे दिवे मालवून तिला झोपायला लावत. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बायकांच्या रांगेत ते फाइल घेऊन बसत आणि तिथेही सिनेमा सांगत; एकीला म्हणे हसून हसून कळाच सुरू झाल्या. कॉलनीत त्यांनी काहीही लपवलं नाही. शेजारच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "पाहुणी दिसते. नवरा काय करतो?"

"नवरा नाही," मामा म्हणाले. "बाकी सगळं व्यवस्थित आहे."

मुलगी झाली. नर्सनं बाळ पहिल्यांदा मामांच्या हातात दिलं. मामी म्हणतात, लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस एवढा वेळ गप्प राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. दिंडोरीहून दादांनी डिंकाचे लाडू पाठवले. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसता डबा.

बाळ धरून उभं राहू लागलं तेव्हा पोरीला पुण्यात नोकरी लागली. तिची आईही सोबत गेली. मामा बस स्टँडवर पोचवायला गेले आणि बस हलल्यावरही बराच वेळ तिथेच उभे होते, असं मामींनीच सांगितलं. हल्ली ते सिनेमाबद्दल आपणहून बोलत नाहीत. मागची खोली मात्र मामींना साठवणीच्या डब्यांसाठीही वापरू देत नाहीत.

दर रविवारी पुण्याहून फोन येतो. पोरगी दोन शब्द बोलते आणि फोन बाळाच्या तोंडाशी धरते. मामा गॅलरीत खुर्ची ओढून, डोळे मिटून ऐकत बसतात.

"काय म्हणते?" मामी आतून विचारतात.

"अजून काही म्हणत नाही," मामा सांगतात, आणि फोन तसाच कानाशी धरून ठेवतात.