मी वाया घालवलेली फळी

आज मी मिस्त्रीकाकांनी निवडून आणलेली सागवानी फळी वाया घालवली. सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय.

अठरा वर्षं ऑफिसात कॉम्प्युटरसमोर काढून आता त्रेचाळिसाव्या वर्षी मी सुतारकाम शिकतेय, हे तुम्हाला माहितीये. शिकवतात ते मुर्धा गावचे मिस्त्रीकाका. पूर्वी होड्या बांधायचे, आता लोकांच्या घरातली कामं करतात.

आज जेसल पार्कमधल्या एका घरात दोन भिंतींच्या मधे शेल्फ बसवायचं होतं. काका म्हणाले, "आज माप तू घे." मी टेप लावून समोरून माप घेतलं, वहीत लिहिलं, दोनदा तपासलं आणि फळी कापली. बसवली तर मागच्या बाजूला बोटभर फट. भिंती आत फाकत गेल्या होत्या आणि मागचं माप मी घेतलंच नव्हतं.

मला रडूच आलं. त्यात त्या घरातल्या काकी प्रेमाने म्हणाल्या, "पहले चाय पी लो बेटा." मग तर आणखीच आलं.

मिस्त्रीकाका ओरडले नाहीत. त्यांनी हत्यारांची पेटी पुढे ओढली आणि झाकणावर टिचकी मारली. "ही माझी पयली फळी. होडीसाठी कापली, आखूड पडली. बापानं टाकू दिली न्हाय. अजून हाय माझ्याकडं."

मग माझी फळी माझ्या हातात देऊन नवीन कापायला घेतली.

तुम्ही तुमची पहिली चूक ठेवलीये की टाकून दिलीत?

माझ्याकडे अजून पेटी नाही. झाकण मात्र आलंय.