शालिग्रामने सरळ केलेल्या थाळ्या

चेरीतालहून सायकल मारत बत्तीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत शिपाई म्हणून यायचं म्हणजे हाडं खिळखिळी होणारच. शालिग्रामची झाली होती. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि डाग न लागता सुटावं, एवढंच त्याला हवं होतं.

तिथे संशोधन करणारी ज्योती पाच वर्षं एकाच प्रश्नामागे होती. मुळाच्या टोकाच्या पेशींत स्टार्चचे बारीक कण असतात. ते तळाशी बसतात, त्यावरून मुळाला खालची दिशा कळते. एक जनुक गप्प केलं तर ती कळेनाशी होते का, हे तिला पाहायचं होतं. म्हणून रोपांच्या उभ्या थाळ्या ती पाव वळसा फिरवून, रोपं आडवी करून ठेवायची. शहाणं मूळ खाली वळतं, बावळट सरळच जातं.

त्या संध्याकाळी कुलूप लावताना शालिग्रामला जनुक गप्प केलेल्या रोपांच्या थाळ्या कलंडल्यासारख्या दिसल्या. साध्या रोपांच्या थाळ्यांवर ‘हलवू नये’ अशी चिठ्ठी होती, ह्यांच्यावर नव्हती. वाकडं दिसलं की सरळ करायचं, हे अंगवळणी पडलेलं. डोकं थकलेलं, हात मात्र मेले इमानी. केल्या सगळ्या सरळ! सकाळी ह्यांचीही चिठ्ठी फरशीवर गळून पडलेली सापडली: ‘हलवू नये’. त्याने घाईघाईने थाळ्या होत्या तशा फिरवल्या आणि तोंड मिटून बसला.

थोड्याच वेळात ज्योती आली. साध्या रोपांची मुळं वळली होती, जनुक गप्प केलेल्यांची सरळ होती.

“काका, हो गया! हेच ते जनुक!”

दुपारी तिने पेढे आणले. शालिग्रामचा पेढा तोंडापर्यंत जाईना. पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तो रोज पाहत होता. उद्या कोणी हाच प्रयोग करून तिला खोटं पाडलं तर?

“बेटा, त्या थाळ्या रात्रभर मी सरळ ठेवल्या होत्या. मग मुळं वळतील कशाला? सकाळी फिरवल्या. सांगायला घाबरून राहिलो होतो.”

ज्योतीने पेढे बाजूला सारले.

“काहून सांगितलं, काका? मला कधी कळलंच नसतं.”

“म्हणूनच सांगून राहिलो.”

ती रडली नाही. रडायलाही त्राण लागतं. तिने चावीसाठी हात पुढे केला. बत्तीस वर्षांत ती कोणी मागितली नव्हती. शालिग्रामने ती कमरेची सोडून दिली. फार लाज वाटली त्याला.

“उद्यापासून कुलूप मी लावीन,” ती म्हणाली. “पण नवं बी पेरायला तुम्ही या. एकटीनं नाही होत आता.”