मनस्वीचा सुळा

संदेश धोपावकर बोटीवर खलाशी होता. मुलगी झाली तेव्हा तो घरी होता हा निव्वळ योग. करार संपवून नुकताच अंजनवेलला आला होता आणि पुढच्या बोटीचं बोलावणं यायला अवकाश होता. त्याच्या बायकोला, तेजस्वीला, चिपळूणच्या दवाखान्यात नेलं. सकाळी मुलगी झाली. कपड्यात गुंडाळलेलं बाळ हातात देताना नर्स जरा थांबली आणि म्हणाली, "बघून घ्या. घाबरू नका."

बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत उघडा होता. नाक एका अंगाला ओढलं गेलेलं. आत हिरडीतही फट होती आणि ती मागे टाळूपर्यंत गेली होती. डोळे मात्र टक्क उघडे. संदेश माझा शेजारी, आम्ही एकाच वाडीत वाढलो. पुढे कधीतरी तो मला म्हणाला, "दर्यात काय काय बघितलं, पण असं कधी बघितलं नव्हतं रे."

घरी त्याची विधवा आत्या होती, गोदूबाई. तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. तिनं बाळाकडे बघितलं आणि तेजस्वीला म्हणाली, "ग्रहणात विळीवर बसली असशील गो. लागला बघ गिराण." त्या दिवसापासून कोणी आलं की तेजस्वी बाळाचं तोंड पदरानं झाकू लागली. बाळाला अंगावरचं दूध ओढता येत नव्हतं. बोंडल्यानं घोट घोट दूध पाजायचं, आणि त्यातलं बरंचसं नाकातून परत यायचं. मुलीचं नाव ठेवलं मनस्वी, तेही बारशाला फारसं कोणाला न बोलावता.

चिपळूणच्या डॉक्टरांनी निघताना एक नाव दिलं होतं. रत्नागिरीत डॉ. ज्ञानेश्वरी सुर्वे आहेत, वेडेवाकडे दात सरळ करतात, त्यांच्याकडे जा आणि लवकर जा. संदेशला काही उमजेना. ज्या पोरीला अजून दातच नाहीत तिला दातांच्या डॉक्टरकडे कशाला न्यायचं? तरी ते निघाले. गुहागर, तिथून तवसाळ, फेरीबोटीनं जयगड आणि मग रत्नागिरी. सबंध वाटेत तेजस्वी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

सुर्वे मॅडमनी हलकेच पदर बाजूला केला आणि आधी बाळाशीच चार शब्द बोलल्या. मग तेजस्वीला विचारलं, "तुम्हाला कोणी काय सांगितलंय?"

तेजस्वीला रडू फुटलं. विळीचं, ग्रहणाचं, सगळं बाहेर आलं.

"ऐका," मॅडम म्हणाल्या. "पोटात आपल्या सगळ्यांचाच चेहरा तुकड्यातुकड्यांनी होतो. दोन्ही गालांकडचे भाग मध्याकडे सरकत येतात, मधला भाग वरून खाली उतरतो आणि ते एकमेकांना जुळतात. बाईला दिवस गेल्याचं घरात जेमतेम कळलेलं असतं, तोवर हे होऊनही जातं. एखाद्या बाळाचा एखादा सांधा जुळायचा राहतो. विळीचा त्यात काही संबंध नाही. आता नाकाखाली बोट लावा. मध्ये खळगी आहे ना? तिच्या दोन बाजूंना दोन कडा लागतील. तिथं तुम्ही जुळलात."

संदेशनं बोट लावलं. दोन कडा लागल्या. रोज दाढी करताना तिथून वस्तरा फिरवत होता, पण त्या कशाच्या आहेत हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग मॅडमनी बाळाच्या टाळूचं माप घ्यायचं ठरवलं. संदेशला मनस्वीला पालथं धरायला सांगितलं आणि एका छोट्या साच्यात मऊ लगदा भरून तो तिच्या तोंडात बसवला. पोर किंचाळून रडली. तेजस्वी पुढे धावली तशी मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रडू दे. रडतेय म्हणजे श्वास घेतेय. रडायची थांबली तर मी घाबरेन." त्या मापावरून त्यांनी प्लास्टिकची एक पातळ पट्टी केली. ती टाळूला बसवायची, आणि गालांवर चिकटपट्ट्या लावून बारीक रबरांनी जागेवर धरून ठेवायची.

"बाळाच्या अंगात अजून आईच्या रक्तातून आलेली द्रव्यं खेळतायत," मॅडमनी समजावलं. "त्यामुळं हाड कोवळं आहे, वळवू तसं वळतं. पण ही सवलत थोड्याच दिवसांची. तेवढ्यात दोन्ही काठ आपण जवळ आणायचे. मग ओठाचं ऑपरेशन सोपं जाईल आणि नाकही सुधारेल."

परतताना फेरीबोटीवर संदेश सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. कोळणी, कॉलेजची पोरं, टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, तिकीट देणारा. प्रत्येकाच्या नाकाखाली त्या दोन कडा होत्या. एवढी माणसं, आणि प्रत्येक जण आईच्या पोटात कोणाला न कळता असा जुळून आलेला. "तेजू, हे सगळे जुळलेले आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. तेजस्वीनंही बघितलं. वाऱ्यानं बाळावरचा पदर उडाला होता, तो तिनं पुन्हा ओढला नाही.

चिकटपट्ट्या रोज बदलायच्या, पट्टी काढून धुवायची, पुन्हा बसवायची. पोर रडायला लागली की तेजस्वी पट्टी सोडून तिला उचलून घेई, म्हणून ते काम संदेशनं घेतलं. दोरखंड ओढून ओढून घट्टे पडलेली ती बोटं बाळाच्या गालावर इतकी अलगद चालत की बघणाऱ्यानं बघत राहावं. गाल लाल झाला की चिकटपट्टीची जागा बदलायची, रबर फार ताणायचं नाही, सैलही सोडायचं नाही. दर आठवड्याला रत्नागिरीची फेरी ठरलेली. मॅडम पट्टीची एक बाजू किंचित घासत, दुसरीकडे मऊ लेप वाढवत, आणि पुन्हा बसवून देत.

पहिल्यांदा हिरडीतल्या फटीत करंगळी गेली असती. पुढच्या खेपांना ती कमी कमी होत गेली. एके दिवशी पट्टी धुवायला काढली तेव्हा फट भाताच्या दाण्याएवढी उरली होती. संदेशनं तेजस्वीला हाक मारली, दोघांनी उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. कसला आवाज नाही, रक्त नाही. पोर दूध पीत होती, झोपत होती, आणि तिच्या तोंडातलं हाड आपलं आपण चालत आलं होतं.

याच दिवसांत बोटीचं बोलावणं आलं. संदेशनं फोनवर सांगितलं, "मी येत नाही." पुढे तो धोपावे-दाभोळ फेरीबोटीवर नोकरीला लागला आणि आजही तिथंच आहे.

ओठाचं ऑपरेशन मुंबईला झालं, पुढे टाळूचंही. बोलणं नाकातून येई, म्हणून "पापड, पपई, पाटपाणी" असे शब्द म्हणायचा सराव सुरू झाला. तो गोदूबाईनं स्वतःकडे घेतला. ग्रहणाचं ती पुन्हा कधी बोलली नाही. शब्द नीट आला की ती मनस्वीच्या तोंडात खडीसाखर घाली.

मनस्वी आठ वर्षांची झाली तेव्हा मॅडमनी एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. हिरडीच्या हाडात एक काळी खाच होती. तिच्या वर, आत, एक सुळा लटकलेला. खाली यायला त्याला हाडच नव्हतं.

"तारेनं आधी वरचा जबडा थोडा रुंद करू," मॅडम म्हणाल्या. "मग मुंबईचे डॉक्टर कमरेच्या हाडातला थोडा चुरा काढून या खाचेत भरतील. पण त्याआधी तोंडात एकही कीड चालणार नाही. तोंड घाण असलं तर भरलेलं हाड वाया जाईल." आणि मनस्वीच्या एका दाढेत कीड सापडलीच. मॅडमनी ती भरली. खडीसाखरेचं ऐकून त्या हसल्या, पण बंद करा म्हणाल्या.

घरी येऊन मनस्वीनं गोदूबाईला सांगितलं, "आजी, मी खडीसाखर सोडली. तू मशेरी सोड." म्हातारीनं आधी उडवून लावलं. मग पोरीनं रुसवा धरला. रोज सकाळी आणि जेवणं झाल्यावर चौघं परसात ओळीनं ब्रश घेऊन उभी राहू लागली. मनस्वीच्या दातांना तारा लागल्यावर तिला सगळ्यांत जास्त वेळ लागे. प्रत्येक तारेखालून बारीक ब्रश फिरवायचा, आरशात बघायचं, पुन्हा फिरवायचं. गोदूबाईची मशेरी सुटायला बरेच महिने गेले, मध्ये दोनदा चोरून लावलीही. पण सुटली.

ऑपरेशनच्या आधी संदेशनं मॅडमना मनातलं विचारलं. "कमरेचं हाड हिरडीत ठेवायचं. तिथं जाऊन काय करायचं ते त्याला कळणार कसं?"

मॅडमनी एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला. "इतकी वर्षं शिकले, तरी पुरतं मलाही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण कळतं त्याला. तिथं गेलं की ते जबड्याचं हाड होतं. आणि वाट तयार झाली की बहुतेक वेळा दात आपणहून खाली येतो. नाही आला तर आपण हळूच ओढून आणू."

ऑपरेशन नीट झालं. मनस्वी काही दिवस लंगडत चालली आणि शाळेतल्या मुलींना कमरेवरची खूण दाखवून भाव खात राहिली. नंतरच्या एक्स-रेमध्ये काळी खाच दिसेना. तिथं पांढरट ढग होता, पुढच्या वेळी तो दाट झाला, आणि मग हिरडीचं हाड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दिसलं. आतला सुळा मात्र तिथंच. तेजस्वी रोज पोरीचा ओठ वर करून बघे आणि कामाला लागे.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी, सकाळी परसात चौघं दात घासत होती. मनस्वी मध्येच थांबली आणि ब्रश काढून म्हणाली, "बाबा, इथं कायतरी टोचतंय."

संदेशनं चूळ टाकली, हात धुतले आणि तिचा ओठ वर धरला. गुलाबी हिरडीतून एक पांढरं टोक बाहेर आलं होतं. एकदा दिसे, लाळेनं झाकलं की दिसेनासं होई. फट होती तिथंच ते होतं, तिच्याच कमरेच्या हाडातून वाट काढत आलेलं. तेजस्वी बघायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. गोदूबाईला लांबून दिसेना, म्हणून तिनं तर्जनी धुतली, नातीच्या हिरडीवरून अलगद फिरवली आणि टोकाशी येऊन थांबवली. कितीतरी वेळ तिनं बोट तिथून काढलं नाही.

"काय गो आजी?" मनस्वी बोट तोंडात असतानाच म्हणाली.

"हाय," गोदूबाई म्हणाली. "दात हाय."

संदेश त्या दिवशी धक्क्यावर उशिरा पोचला. मी पलीकडे दाभोळला निघालो होतो. बोट सुटल्यावर तो कठड्यापाशी येऊन उभा राहिला आणि मला हे सगळं सांगितलं. सांगताना स्वतःच्या कमरेवर हात ठेवून होता. "आपण नुसती वाट मोकळी केली रे," तो म्हणाला. "चालत दात स्वतःच आला." मग धक्का जवळ आला म्हणून तो दोर घ्यायला गेला.

आता मनस्वी बारा वर्षांची आहे. सुळा पुरता खाली आलाय, पण थोडा तिरका आहे, म्हणून अजून तारा आहेत. मोठी झाल्यावर नाकाचं एक छोटं ऑपरेशन करायचं की नाही ते तिनं ठरवायचंय. सध्या तिचं लक्ष तारांवरच्या रबरांच्या रंगाकडे आहे. गेल्या खेपेला तिनं जांभळा निवडला, आणि गुहागरच्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला तोंड उघडून दाखवला.