रोखलेला श्वास
उचकी घालवायला नात गाल फुगवून श्वास रोखून बसली, की मला स्पिरिटच्या वासाचा तो आयसीयू आठवतो. स्कूटरवरून पडलेल्या माझ्या भावाचा मेंदू मेला, असं डॉक्टर सांगत होते. वहिनी मानायलाच तयार नव्हती. "छाती हलून राहिली ना त्यांची! ताई, तुम्ही पाहून या. तुम्ही म्हणाल ते मी मानीन." मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे दीडशहाणपणाच्या ऐन भरात. डॉक्टरांची चोरी पकडायच्या थाटात आत गेले. डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यांवर टॉर्च मारला, कानात बर्फाचं पाणी सोडलं. लहानपणी मी मानेवर गार पाणी ओतलं की हा गल्लीभर माझ्यामागे धावायचा. आता पापणीही हलली नाही. मग त्यांनी श्वासाचं मशीन काढलं, नळीतून नुसता ऑक्सिजन ठेवला. "आता स्वतःहून श्वास घेतात का, ते पाहायचं." भावाला सोबत म्हणून मीही श्वास रोखला. थोड्याच वेळात माझे डोळे बाहेर आले आणि 'हाऽऽ' करून असा श्वास ओढला की नर्स दचकली. "पाहिलं काकू? तुम्ही नाही म्हटलं तरी मेंदूनं घ्यायला लावला," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "तेवढंच आम्ही यांच्यात शोधून राहिलो." त्याची छाती हललीच नाही. काही तासांनी सगळं पुन्हा तपासलं, तेव्हाही नाही. बाहेर येऊन मी वहिनीचा हात धरला. "ते मशीन होतं वं, तो नव्हता." इकडे नात 'हाऽऽ' करते आणि मी टाळ्या वाजवते. "आजी, मी तर हरली! तू काहून खूश होऊन राहिली?"