रेल्वेच्या रेघेत आमची मंडळी

नारायणगावात रेल्वे येणार, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, त्यामुळे कुणी विषय काढला की हसून सोडून द्यायचे. गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्या चर्चच्या कुंपणाच्या भिंतीवर रेल्वेच्या मोजणीचा लाल बाण उमटला आणि हसणं बंद झालं. रेघ चर्चवरून जाणार की मागच्या कबरस्तानावरून, ते कुणी धड सांगेना. मागे माझी आई आहे.

चर्चच्या समाजाला आम्ही ख्रिस्ती लोक 'मंडळी' म्हणतो. आमची मंडळी आजोबांच्याही आधीची. मिशनच्या शाळेत शिकलेली चार-पाच घरं सुरुवातीला एका गोठ्यात उपासनेला जमायची. प्रार्थना रंगात आली की म्हैस हंबरायची, असं आई सांगे. पुढे त्यांनीच दगड वाहून हे चर्च बांधलं. आजही कापणीच्या सणाला वेदीपुढे टोमॅटोचे क्रेट लागतात. हे सगळं मोजणीच्या साहेबांना सांगायचं ठरलं. पाळक, म्हणजे आमचे पाद्री, नवीन, म्हणून संडे स्कूलच्या म्हाताऱ्या बाईंना पुढे केलं. आम्हा सगळ्यांकडून बायबलची वचनं पाठ करून घेतली ती त्यांनीच.

"आमची मंडळी लई जुनी हाय, साहेब," बाई म्हणाल्या.

"मंडळी म्हणजे ही बिल्डिंग का?"

इमारत म्हणजे मंडळी नव्हे, हे बाईंनी आमच्याकडून किती वेळा घोकून घेतलं असेल. जन्माची सवय. त्या पटकन म्हणाल्या, "न्हाई न्हाई. मंडळी म्हंजी मानसं."

"मग झालं तर. माणसं कुठंही जमतील."

मी कपाळावर हात मारला. बाईंचा चेहराच उतरला. मग कबरस्तानाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "निम्मी मानसं मागं निजल्यात, साहेब. ती कशी जमायची?"

साहेबांनी कबरींकडे पाहिलं, वर कळवतो म्हणाले आणि गेले.

अजून काही कळलेलं नाही. रस्त्याला सरकारी जीप थांबली की माझा जीव खालीवर होतो. बाईंनी नवऱ्याच्या कबरीशेजारची जागा स्वतःसाठी ठेवलीय. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"रूळ पडायच्या आदी गेले, तर मला हितंच ठिवताल ना गं?"

असलं अभद्र बोलू नका म्हणून मी त्यांच्यावर खेकसले. हो म्हणायचं धाडस मात्र झालं नाही.