फेलिशियाने गावात टाकलेला गळ

गास गावची फेलिशिया अंधेरीच्या एका कंपनीत माहितीची सुरक्षा सांभाळायची. कर्मचाऱ्यांना खोट्या लिंका पाठवायच्या आणि फसले की समोर बसवून उपदेश करायचा, हे तिचं काम. ते तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरच्या वायफायचा पासवर्ड तिने सासूलाही दिला नव्हता. सासू शेजाऱ्यांचं वायफाय वापरायची.

गावाचं अज्ञान बघवेना, म्हणून एका शनिवारी तिने गावच्या ग्रुपवर लिंक टाकली : ‘राजोडीच्या नव्या रिसॉर्टमध्ये उद्या सहकुटुंब जेवण मोफत. नाव नोंदवा.’ बघता बघता निम्म्या गावाने नावं, जन्मतारखा, फोन नंबर भरून टाकले. ग्रुपचा अ‍ॅडमिन स्टॅनी याने तर वारलेल्या आजोबांचंही नाव घातलं. तेवढंच एक ताट जास्त.

रविवारी मिस्सा आटोपल्यावर फेलिशियाने सगळ्यांना चर्चबाहेर थांबवलं. “रिसॉर्ट वगैरे काही नाही. ती माझी परीक्षा होती. तुम्ही सगळे नापास!”

ठेवणीतले कपडे घालून आलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. फेलिशियाला लहानपणी कडेवर खेळवणारी प्रिस्कामावशी पुढे आली.

“बाय, लिंक तुझ्या नंबरवरून आली म्हणून दाबली. परक्याची असती तर हात लावला नसता.”

“तेच सांगतेय. ओळखीच्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका.”

“बरं. मग जेवणाचं काय?”

त्या दुपारी फेलिशियाच्या अंगणात बिर्याणीची पातेली उतरली. लोक पोटभर जेवले, मीठ कमी आहे म्हणाले आणि घरी गेले. संध्याकाळी स्टॅनीने तिला ग्रुपमधून काढलं.

महिन्याभराने खरा भामटा आला. त्याने स्टॅनीचं मेसेजचं खातं ताब्यात घेतलं आणि त्याच्या नावाने ग्रुपवर लिहिलं : ‘माझा कोड चुकून तुमच्या फोनवर आलाय, तेवढा कळवा.’ सासूने निरोप दाखवताच फेलिशियाने एकेकाला फोन लावले. कोणी उचलेना. ती धावत प्रिस्कामावशीच्या दारात गेली.

“मावशी, तो कोड तुझ्याच खात्याची किल्ली आहे, कोणाला देऊ नकोस!”

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. “ही पण परीक्षाच ना? तुझ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे पाठ झालंय आमचं.” आणि तिच्यादेखत कोड पाठवून दिला.

मग भामटा मावशीच्या नावाने कोड मागू लागला. मावशीचा शब्द गावात कोण मोडणार? आठवड्यात निम्म्या गावाची खाती गेली.

फेलिशिया दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कंपनीत अहवाल दिला : प्रशिक्षण उत्तम होतं, माणसं कच्ची निघाली. साहेबांनी पाठ थोपटली. हल्ली तिला गावोगावी व्याख्यानं द्यायला पाठवतात.